योनिमार्गातील वारंवार होणारा बुरशीसंसर्ग आणि तोंडी औषधोपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वैद्यकाच्या इतिहासात प्लेग, कॉलरा, देवी यांसारख्या साथींना अग्रस्थान मिळते. ज्या विकाराने जीव जात नाही, परंतु वर्षानुवर्षे स्वास्थ्य हिरावले जाते, त्याचा इतिहास सहसा उपेक्षित राहतो. कॅन्डिडा या बुरशीमुळे योनिमार्गास वर्षातून तीन किंवा अधिक वेळा होणारा संसर्ग हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्यावरील तोंडी औषधांचा आढावा घेतला आहे.

निस्टॅटिन ते फ्लुकोनॅझोल :
न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राऊन या दोन संशोधक स्त्रियांनी १९५० मध्ये निस्टॅटिनचा शोध जाहीर केला. व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून ते मिळाले होते. मात्र पोटात घेतल्यास ते रक्तात शोषले जात नाही. म्हणून योनिमार्गासाठी त्याचा वापर स्थानिकच राहिला. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या किटोकोनॅझोलने ही मर्यादा ओलांडली, परंतु ते यकृतास घातक ठरू शकते असे आढळले. २०१३ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेने त्याच्या गोळ्यांची विक्री स्थगित करण्याची शिफारस केली. दरम्यान इंग्लंडमधील सँडविच येथे फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्लुकोनॅझोल विकसित झाले. १९९० मध्ये ते अमेरिकेत मान्य झाले आणि १९९४ मध्ये योनिमार्गातील संसर्गासाठी १५० मिलिग्रॅमची एकच मात्रा स्वीकारली गेली.

२००४ चे संशोधन :
एका मात्रेने तात्कालिक संसर्ग बरा होई. पुनरुद्भवाचा प्रश्न शिल्लक होता. जॅक सोबेल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३८७ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्रारंभिक उपचाराने बऱ्या झालेल्या या स्त्रियांपैकी एका गटास सहा महिने दर आठवड्यास फ्लुकोनॅझोल, तर दुसऱ्यास औषधविरहित गोळी देण्यात आली. सहा महिन्यांअखेर पहिल्या गटातील ९०.८ टक्के, तर दुसऱ्यातील ३५.९ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या. औषध थांबविल्यानंतर, बाराव्या महिन्यात, हेच प्रमाण अनुक्रमे ४२.९ व २१.९ टक्के झाले. म्हणजेच औषधाने रोग आवरला. त्याचे निर्मूलन केले नाही.

नवे औषध, जुना पेच :
२०२२ मध्ये अमेरिकेत ओटेसेकोनॅझोल या गोळ्यांना याच विकारासाठी मान्यता मिळाली. परंतु हे औषध शरीरात दीर्घकाळ राहते आणि गर्भास हानी पोहोचवू शकते. त्यामुळे गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना ते वर्ज्य आहे. वास्तविक हा विकार प्रामुख्याने याच वयोगटात आढळतो. गर्भवतींना तर आजही स्थानिक औषधेच सुचविली जातात.

निष्कर्ष :
पाऊणशे वर्षांच्या या वाटचालीत औषधे बदलली, प्रतिबंध शक्य झाला. कायमचा इलाज मात्र हाती आलेला नाही. आपल्याकडे 'अंगावरून पांढरे जाणे' असे म्हणून ज्या तक्रारी दबक्या आवाजात सांगितल्या जातात, त्या सर्वच बुरशीजन्य नसतात. म्हणून तपासणीविना गोळी घेणे जितके अयोग्य, तितकेच संकोचापोटी गप्प राहणेही अयोग्य होय. जिवावर न बेतणाऱ्या दुखण्याचीही नोंद घेणे, हे इतिहासलेखनाचे कर्तव्य आहे.