दस्त्यामागचे रबर

बंदुकीचा धक्का अंगावर न घेता दुसऱ्या कशावर तरी टाकावा, हा खटाटोप फार जुना आहे. पंधराव्या शतकातील युरोपात नळीखाली लोखंडी आकडा ठेवून तो तटाच्या कडेला अडकवीत आणि धक्का दगडावर सोडीत. पुढे दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, रूढ झाला आणि त्याच्या टोकाला पितळी किंवा लोखंडी पत्रा बसू लागला. परंतु तो बंदूक जमिनीवर टेकवताना लाकूड फुटू नये यासाठी होता, सैनिकाच्या खांद्याचा विचार त्यामागे नव्हता.

हा विचार निकडीचा केला तो हत्तीच्या शिकारीने. चार बोअरची, म्हणजे एका पौंड शिशाच्या चार गोळ्या होतील अशा नळीची, बंदूक नावाप्रमाणे पाव पौंडाची, म्हणजे सुमारे 113 ग्रॅमची, शिशाची गोळी झाडी. आफ्रिकेत अशा बंदुका वापरलेल्या फ्रेडरिक सेलस या शिकाऱ्याने त्यांच्या दणक्यांनी आपले धैर्य खचले आणि पुढे नेमही बिघडला, असे स्वतः नमूद केले आहे. खांद्यावरचे वळ काही दिवसांत जातात, पण चाप ओढण्याआधीच दचकण्याची सवय जात नाही. धक्क्याचे खरे नुकसान हेच होय.

उपाय मात्र बंदूककारांच्या भट्टीत नव्हे, रबराच्या कारखान्यात सापडला. गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयरला 1844 मध्ये मिळाले, आणि शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या सिल्व्हर कंपनीने, जिच्या कारखान्यावरून सिल्व्हरटाउन हे नाव पडले, दस्त्याच्या टोकाला बसवायची रबरी गादी विकण्यास आरंभ केला.

ही गादी धक्का नाहीसा करीत नाही. 10 ग्रॅमची गोळी सेकंदाला 800 मीटर वेगाने सुटली, तर 4 किलोच्या रायफलला केवळ तिच्यामुळे सेकंदाला 2 मीटर वेग मिळतो, दारूच्या वायूंची भर वेगळीच. हा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, खांद्याला पेलावाच लागतो. गादी दबताना तो अधिक काळात आणि अधिक क्षेत्रावर विभागला जातो, त्यामुळे बलाची कमाल पातळी उतरते. म्हणूनच अतिमऊ गादी अर्ध्यातच पूर्ण दबून निकामी होते, अतिकठीण गादी दबतच नाही, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेली काही पॉलियुरेथेन संयुगे ऊर्जेचा बराच भाग उष्णतेत बदलून उलटी उसळी टाळतात. कारागीर गादीच्या जाडीइतके लाकूड आधी कापून टाकतो, कारण दस्ता लांबला तर तो काखेत अडकतो आणि खांद्यावर नीट न बसलेली बंदूक गादी असूनही लागते.