पथ्य आणि माप

आपल्या समाजात आहाराविषयी बोलणे निघाले की बहुधा काय खाऊ नये याचीच चर्चा होते. कंदमुळे, मध, रात्रिभोजन, चातुर्मासातील पालेभाज्या यांविषयी लहान मुलासही चार वाक्ये सांगता येतात. परंतु जे खावयाचे ते किती खावे, कसे शिजवावे व त्यातून शरीरास काय मिळते, हा प्रश्न मात्र घरातील स्त्रियांच्या अंदाजावर सोपविलेला दिसतो. हा अंदाज ग्रंथांत कसकसा उतरत गेला, त्याचा इतिहास बराचसा आपल्याच परिसरातील आहे. तो या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न.

आरंभ आचार्य उग्रादित्यांपासून करणे उचित होईल. नवव्या शतकातील या दिगंबर आचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा पंचवीस अधिकारांचा संस्कृत वैद्यकग्रंथ. यात मद्य, मांस व मधु यांचा उपयोग औषधातही केलेला नाही. त्या काळच्या वैद्यकात मध हे नित्याचे अनुपान होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्बंधाचे वजन कळते. राष्ट्रकूट सम्राट नृपतुंग अमोघवर्ष (राज्यकाल इ. स. ८१४ ते ८७८) याच्या सभेत मांसाहाराच्या निरर्थकतेविषयी आचार्यांनी केलेले विवेचन ग्रंथाच्या शेवटी आहे व त्या प्रकरणास ‘हिताहित’ असे नाव आहे. आचार्यांनी विचार केवळ निषेधाचा केला नाही, हिताचाही केला, हे त्या नावातच आले. शतकानुशतके हस्तलिखितांत राहिलेला हा ग्रंथ पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी हिंदी अनुवादासह सिद्ध केला व १९४० साली तो सोलापुरात छापून प्रसिद्ध झाला.

त्यानंतर सुमारे १०२५ मध्ये, चालुक्य राजा दुसरा जयसिंह याच्या काळात, चावुंडराय या कवीने कानडीत ‘लोकोपकार’ लिहिला. (श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची मूर्ती घडविणारा चावुंडराय तो हा नव्हे. ही गल्लत वारंवार होते.) शेती, पाणी, जनावरांचे उपचार अशा विषयांबरोबर त्यात पाकशास्त्रासही स्वतंत्र स्थान आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या प्रारंभी मंगरस या जैन कवीने ‘सूपशास्त्र’ रचिले, तेही कानडीतच. तथापि हे सारे ग्रंथ वैद्य, पंडित व दरबारी मंडळींच्या हाती राहिले. चुलीपुढील स्त्रीच्या हाती पुस्तक येण्यास मुद्रणकला व स्त्रीशिक्षण यांची वाट पाहावी लागली.

मराठी घरांत ते स्थान खऱ्या अर्थाने मिळविले १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने. लेखिका कमलाबाई ओगले या सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या. आपण पार्श्वनाथांच्या दर्शनास जातो तेच हे कुंडल. शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. पण त्यांनी एक मोठे काम केले. घरोघरी असते ती वाटी आणि असतो तो चमचा, हेच त्यांनी माप ठरविले. कापडाच्या व्यापारात आयुष्य गेल्यामुळे मला याचे महत्त्व अधिक वाटते. वडिलांच्या पिढीने वार सोडून मीटर धरला, तरी लुगडे नऊवारीच राहिले. ग्राहकाच्या अंगवळणी असलेले माप व्यापाऱ्याने मोडू नये, हे तत्त्व कमलाबाईंनी पाककृतींत आणले. आपल्या कितीतरी घरांत या पुस्तकातील कृती बटाट्याऐवजी कच्ची केळी व कांदा-लसणीऐवजी हिंग घालून पिढीजात झाल्या आहेत.

चवीचे माप असे मिळाले. पोषणाचे माप मात्र प्रयोगशाळेतून आले. निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन संस्थेने १९३७ साली भारतीय खाद्यपदार्थांतील पोषणद्रव्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. हीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस गेली व आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. कुन्नूरला काही काळ काम केलेल्या डॉ. कमला सोहोनी या १९३९ च्या केंब्रिजच्या पीएच.डी. कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात, त्यांवर त्यांचे संशोधन आहे. ही द्रव्ये शिजविल्याने बहुतांशी निष्प्रभ होतात, म्हणून उसळ नीट शिजवावी. एवढ्या विदुषीने सामान्य वाचकांसाठी मराठीत ‘आहार-गाथा’ लिहिली. त्यांच्या भगिनी दुर्गाबाई भागवत यांचे ‘खमंग’ अनेकांस ठाऊक असते, ‘आहार-गाथा’ तितकी नसते, याची खंत वाटते.

या शास्त्राने आपल्या जेवणाची काही अंगे उजळ केली. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते हरभऱ्याच्या पिठात पुरेसे असते. झुणका-भाकरीची जोडी म्हणूनच चांगली. परंतु सर्व काही पूर्वजांना ठाऊकच होते, असे म्हणण्याची जी टूम निघाली आहे ती मला मान्य नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व १९४८ साली वेगळे करण्यात आले. वनस्पतिजन्य अन्नात ते मिळत नाही; आपल्याला ते दूध-दह्यातूनच मिळावयाचे. दूध सोडलेल्या आपल्या वृद्धांनी याविषयी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

आता थोडा हिशेब. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसास तेल-तूप मिळून २७ ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम व दूध ३०० मिलिलिटर असावे. मीठ ५ ग्रॅमहून अधिक नसावे. चार प्रौढांच्या घरास यावरून महिन्याचे तेल-तूप सव्वातीन किलोच्या आत आणि मीठ ६०० ग्रॅम, तेही लोणचे-पापडातले धरून. आपल्या किराणा मालाच्या यादीशी प्रत्येकाने हे आकडे ताडून पाहावेत. कांदा-लसूण नसलेली पुरी तेलातच तळलेली असते, आणि साजूक तुपातील लाडवात साखर तेवढीच असते. मधुमेहाला आपला आचार दिसत नाही, त्याला साखरच दिसते. समाजाच्या पंगतींत भाजीची एक पळी व तळणाचे तीन प्रकार हे प्रमाण पाहिले म्हणजे ‘हिताहित’ या शब्दातील पहिली दोन अक्षरे आपण गाळली की काय, असे वाटते.

आमच्या घरी सूनबाई गेली दोन वर्षे महिन्याच्या पहिल्या तारखेस तेल-तूप मोजून बाजूस काढतात. आषाढ-श्रावणात ते पुरते. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे उपवास असूनही पुरत नाही, कारण नंतरची पारणी असतात.