लाँगइयरब्येन–न्यू-ऑलेसुंड हवाई मार्ग

लाँगइयरब्येन–न्यू-ऑलेसुंड हवाई मार्ग हा नॉर्वेच्या आधिपत्याखालील स्वालबार्ड द्वीपसमूहातील स्पिट्सबर्गन बेटावरील दोन वस्त्यांना जोडणारा मार्ग आहे. दोन्ही धावपट्ट्यांमधील सरळ अंतर सुमारे ११० किलोमीटर असून उड्डाणास साधारणपणे २५ मिनिटे लागतात. या वस्त्यांना जोडणारा रस्ता अस्तित्वात नाही.

भौगोलिक स्थान व अंतर

लाँगइयरब्येन ही सुमारे अडीच हजार लोकसंख्येची स्वालबार्डमधील सर्वांत मोठी वस्ती आहे. न्यू-ऑलेसुंड तिच्या वायव्येस, काँग्सफियोर्ड या खाडीच्या दक्षिण किनाऱ्यावर, सुमारे ७८° ५५′ उत्तर अक्षांशावर वसले आहे. हिवाळ्यात तेथे केवळ ३० ते ४० माणसे राहतात. उन्हाळ्यात ही संख्या शंभरावर जाते.

नकाशावरून या मार्गाचे अंतर काढताना चूक होण्याचा संभव असतो. दोन्ही विमानतळांच्या रेखांशांत सुमारे ३.६ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर एवढा फरक म्हणजे ४०० किलोमीटर. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकवटत जात असल्याने येथे तो जेमतेम ८० किलोमीटर भरतो. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशात मात्र हे अंतर प्रत्यक्षाच्या सुमारे पाचपट ताणलेले दिसते.

विमानतळ व उड्डाणे

लाँगइयरब्येनचा विमानतळ १९७५ साली सुरू झाला. कायम गोठलेल्या भूमीवर बांधलेल्या त्याच्या सुमारे २,४८० मीटर लांबीच्या धावपट्टीवर जेट विमाने उतरतात. ट्रॉम्सोहून येथे पोहोचण्यास सुमारे पावणेदोन तास, तर ऑस्लोहून थेट उड्डाणाने सुमारे तीन तास लागतात. न्यू-ऑलेसुंडची हॅमनेराबेन धावपट्टी खडीची असून तिची लांबी सुमारे ८०० मीटरच आहे. त्यामुळे तेथे लहान विमानेच उतरू शकतात; या मार्गावर दीर्घकाळ डॉर्नियर २२८ जातीची दोन इंजिनांची विमाने वापरण्यात आली. न्यू-ऑलेसुंडचे व्यवस्थापन पाहणारी 'किंग्ज बे' ही सरकारी कंपनी प्रवाशांच्या आसनांचे नियोजन करते.

अंतर अल्प असले तरी प्रवासाची शाश्वती नसते. वाटेत डोंगर व हिमनद्या आहेत. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. धुके, वादळ वा हिमवृष्टीमुळे २५ मिनिटांच्या उड्डाणासाठी कित्येक तास, प्रसंगी काही दिवसही थांबावे लागते.

पर्यायी मार्ग

उन्हाळ्यात जहाजाने जाता येते. मात्र त्यासाठी इसफियोर्ड खाडीतून पश्चिमेस बाहेर पडून किनाऱ्याने उत्तरेकडे वळसा घ्यावा लागतो. वाटेतील फोरलँड सामुद्रधुनी एके ठिकाणी उथळ असल्याने मोठ्या जहाजांना प्रिन्स कार्ल्स फोरलँड बेटाच्या बाहेरून जावे लागते. हिवाळ्यात हिमनद्यांवरून बर्फगाडीने प्रवास करता येतो. परंतु हिमभेगा व ध्रुवीय अस्वले यांमुळे तो जोखमीचा असतो.

महत्त्व

न्यू-ऑलेसुंड ही मूळची कोळसाखाणीची वस्ती होय. १९२६ साली रोआल्ड आमुंडसेन व उंबेर्तो नोबिले यांचे 'नोर्गे' हे हवाई जहाज येथूनच उत्तर ध्रुवाकडे निघाले. त्यासाठी उभारलेला मनोरा आजही उभा आहे. १९६२ मधील खाण दुर्घटनेत २१ कामगार मृत्युमुखी पडले व पुढील वर्षी खाणकाम थांबले. त्यानंतर ही वस्ती आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून विकसित झाली. भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ रोजी येथे सुरू झाले. त्याचे संचालन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करते. डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञांच्या हिवाळी मोहिमाही तेथे जाऊ लागल्याने, ध्रुवीय रात्रीतील ही विमानसेवा भारतीय संशोधनासाठीही महत्त्वाची ठरली आहे.