पन्नास वर्षांनी परतलेले गाव : आओगाशिमा

#थ्रेड

१/
टोकियोच्या दक्षिणेस सुमारे ३५८ किलोमीटर अंतरावर, प्रशांत महासागरात आओगाशिमा नावाचे एक चिमुकले बेट आहे. १७८५ साली ज्वालामुखीने ते ओस पाडले. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८३५ साली, तेथील गाव सरकारदरबारी पुन्हा नांदते ठरले. मधल्या काळात गावाला स्वतःची जमीन नव्हती. तरीही ते गाव मोडले नाही. त्याची ही हकीकत.

२/
प्रथम भूगोल. आओगाशिमा हे इझु द्वीपमालिकेतील वस्ती असलेले सर्वांत दक्षिणेचे बेट. लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर, रुंदी अडीच, क्षेत्रफळ जेमतेम सहा चौरस किलोमीटर. समुद्राच्या तळापासून उभ्या राहिलेल्या ज्वालामुखीचा पाण्याबाहेर डोकावणारा माथा म्हणजे हे बेट. चहूबाजूंनी सरळ तुटलेले कडे. होडी निवांत लावावी अशी खाडी कोठेही नाही.

३/
कड्यांच्या आत दीड किलोमीटरहून अधिक रुंदीचे महाविवर आहे. त्याच्या तळाला ‘इकेनोसावा’ म्हणतात, म्हणजे तळ्याचे खोरे. अठराव्या शतकात तेथे खरोखरच तळी होती. गाव मात्र विवराबाहेर, उत्तरेकडील उतारावर वसलेले होते आणि आजही तेथेच आहे.

४/
सर्वांत जवळचा शेजार म्हणजे उत्तरेकडे सुमारे ७० किलोमीटरवरील हाचिजोजिमा. आज हे अंतर क्षुल्लक वाटेल. पण शिडाच्या होड्यांच्या काळात, कुरोशिओसारख्या वेगवान प्रवाहाच्या परिसरात आणि बंदराविना, हा प्रवास म्हणजे जिवाशी खेळ होता. तो शेजारही संपन्न नव्हता. शोगुनशाही जेथे गुन्हेगारांना काळ्या पाण्यावर पाठवीत असे, तेच हे हाचिजोजिमा.

५/
१७८० साली आओगाशिमाची जमीन वारंवार हादरू लागली आणि विवरातील तळ्यांमधून वाफा निघू लागल्या. १७८३ मध्ये मोठा उद्रेक झाला. तापलेले दगड वस्तीवर कोसळले, घरे जळाली, माणसे दगावली. तरीही वाचलेले लोक बेट सोडून गेले नाहीत. जाणार तरी कोठे?

६/
१७८५ च्या वसंतात बेट पुन्हा पेटले आणि या वेळी थांबण्याचे चिन्ह दिसेना. हाचिजोजिमाहून होड्या निघाल्या. लोकांना आणण्याचे काम कित्येक दिवस टप्प्याटप्प्याने चालले. सगळ्यांना पुरेल इतकी जागा त्या होड्यांत नव्हती.

७/
त्या वेळी बेटाची लोकसंख्या ३२७ होती. सुमारे २०० जण हाचिजोजिमाला पोहोचले. १३० ते १४० माणसे बेटावरच राहिली आणि गेली. म्हणजे दर पाच जणांमागे दोघे. विवरातील तळी नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी ‘मारुयामा’ नावाचा नवा शंकू उभा राहिला. तो आजही तेथे आहे.

८/
हा काळ ‘तेनमेई’ युगाचा. १७८३ सालीच मुख्य भूमीवर आसामा ज्वालामुखीचा भीषण उद्रेक झाला होता आणि जपानवर दुष्काळाचे सावट होते. हाचिजोजिमावर स्वतःच्याच लोकांना धान्य पुरत नव्हते. तेथे आलेल्या या निर्वासितांच्या वाट्याला परक्या जमिनीवरील मोलमजुरी आणि उपकाराचे जिणे आले.

९/
अशा वेळी गाव विरघळून जाणे अगदी स्वाभाविक होते. दोन्ही बेटांची बोली जवळची, चालीरीती जवळच्या. एक-दोन पिढ्यांत ‘आओगाशिमाचे लोक’ ही ओळखच पुसली गेली असती. तसे झाले नाही. याचे मोठे कारण म्हणजे त्यांनी आपली ‘नानुशी’ची गादी चालू ठेवली. नानुशी म्हणजे मराठी मुलखातील पाटलासारखा गावप्रमुख. गाव नव्हते, पण गावाचा पाटील होता.

१०/
उद्रेकानंतर काही वर्षांतच परतीचे प्रयत्न सुरू झाले. पुढाकार सानकुरो या नानुशीचा होता. मोजकी माणसे आधी जाऊन राखेखालची शेते मोकळी करतील आणि मग कुटुंबे जातील, असा बेत ठरला. कागदावर तो सोपा होता.

११/
प्रत्यक्षात दोन शत्रू आडवे आले. पहिला समुद्र. माणसे आणि शिधा नेणाऱ्या होड्या वारंवार फुटल्या किंवा वाहत दूरवर गेल्या. दुसरा शत्रू उंदीर. निर्मनुष्य बेटावर त्यांची बेसुमार वाढ झाली होती. मोठ्या कष्टाने उभे केलेले पीक ते फस्त करीत. ज्वालामुखीतून वाचलेली माणसे आता परतीच्या वाटेवर मरू लागली. सानकुरोला परतीचा दिवस दिसला नाही आणि प्रयत्न थंडावले.

१२/
१८१७ साली ही जबाबदारी सासाकी जिरोदायू याच्याकडे आली. उद्रेकाच्या वेळी तो तरुण होता. म्हणजे बेट डोळ्यांनी पाहिलेल्या अखेरच्या पिढीतला. नानुशी होईपर्यंत त्या घटनेला ३२ वर्षे उलटली होती. त्याच्या मागे चालणाऱ्यांपैकी अनेकांचा जन्म हाचिजोजिमावरचा. ज्या गावी ‘परत’ जायचे, ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

१३/
जिरोदायूने घाई केली नाही. आधीचे प्रयत्न कोठे फसले हे त्याच्यासमोर होते. आधी शेती आणि शिधा, मग वस्ती, हा क्रम त्याने सोडला नाही. हा सारा उद्योग चिकाटीचा होता, शौर्यगाथेत शोभावा असा नव्हे. १८२४ पर्यंत बहुतेक सगळे गावकरी आओगाशिमावर परतले. बेट सोडल्याला तेव्हा ३९ वर्षे झाली होती.

१४/
तरीही परत येणे ‘पूर्ण’ झाले असे मानले गेले ते १८३५ साली. त्या वर्षी जमिनीची सरकारी मोजणी झाली. मोजणी म्हणजे पुन्हा सारा भरणे आलेच. एरवी शेतकरी ज्या मोजणीला भितो, तीच या लोकांना हवी होती. सारा भरणारे गाव म्हणजे दप्तरात नोंद असलेले गाव. आश्रित म्हणून जगलेल्या माणसांसाठी ते स्वतःच्या पायावर उभे राहिल्याचे प्रमाणपत्रच होते.

१५/
या परतीला जपानीत ‘कान्जू’ म्हणतात. परतणे आणि राहणे अशा दोन अर्थांची अक्षरे जोडून हा शब्द झाला आहे. हाचिजोजिमावर सुमारे पन्नास वर्षे शिक्षा भोगलेल्या कोन्दो तोमिझो या कैद्याने त्या बेटांचा बृहद् वृत्तांत लिहून ठेवला. पुढे लोकसंस्कृतीचे ख्यातनाम अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९३३ साली या ‘कान्जू’वर लेखन केले आणि ही कथा साऱ्या जपानला कळली. जिरोदायूला ‘आओगाशिमाचा मोझेस’ म्हणतात.

१६/
गणतीत येण्याची लढाई मात्र तेथे संपली नाही. दळणवळण इतके बेभरवशाचे होते की दुसऱ्या महायुद्धानंतरही आओगाशिमाच्या लोकांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदान करता येत नव्हते. ती संधी त्यांना प्रथम १९५६ साली मिळाली.

१७/
गावे ओस पडायला ज्वालामुखीच लागतो असेही नाही. हाचिजोजिमाच्या अगदी शेजारचे हाचिजो-कोजिमा हे बेट १९६९ साली तेथील रहिवाशांनी सामूहिकरीत्या सोडले. तेथे लाव्हा वाहिला नव्हता. आधुनिक सोयींचा अभाव आणि घटती माणसे एवढे पुरेसे ठरले.

१८/
आज आओगाशिमाची लोकसंख्या सुमारे १७० आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते टोकियो महानगराच्या अखत्यारीतील आणि लोकसंख्येने जपानमधील सर्वांत लहान गाव आहे. माध्यमिक शाळेपर्यंतचे शिक्षण बेटावर होते. पुढे शिकायचे तर पंधराव्या वर्षी घर सोडावे लागते. प्रत्येक मुलाच्या बाबतीत ‘ते परतेल का’ हा प्रश्न गावापुढे नव्याने उभा राहतो.

१९/
ज्वालामुखी आजही जिवंत मानला जातो. महाविवरात जमिनीतून येणाऱ्या गरम वाफेच्या फटींना स्थानिक लोक ‘हिंग्या’ म्हणतात. त्या वाफेवर रताळी आणि अंडी शिजतात, समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार होते, सार्वजनिक स्नानगृह तापते. ज्या आगीने गाव उठवले, तिच्याच उरलेल्या धगीवर आता गावाची चूल चालते.

२०/
हाचिजोजिमा आणि आओगाशिमा यांना जोडणारी बोट २०१४ पर्यंत ज्या नावाने धावत होती, ते नाव होते ‘कान्जू-मारू’. खवळलेल्या समुद्रामुळे तिच्या फेऱ्या वारंवार रद्द होत. धक्क्यावर ताटकळणाऱ्या गावकऱ्यांना त्या नावाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नसे.

#इतिहास #जपान #आओगाशिमा