पालूचें खोरें : पाटाचें पाणी आणि हलती भूमि

भातशेती म्हटली कीं धो धो पाऊस आणि तुडुंब भरलेलीं खाचरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. इंडोनेशियांतील सुलावेसी बेटावरचें पालूचें खोरें या समजुतीला अपवाद आहे. विषुववृत्त येथून अगदीं जवळ. परंतु दोहों बाजूंच्या उंच डोंगरांनीं ढग अडविल्यामुळें या चिंचोळ्या खोऱ्यांत वर्षाकाठीं हजार मिलिमीटरहि पाऊस पडत नाहीं. अशा कोरड्या भूमींत भाताचा हिरवा पट्टा उभा राहिला तो मनुष्याच्या हातांनीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं डच राजवटीनें या भागांत पाय रोवले. लिंडू सरोवरांतून निघणाऱ्या गुम्बासा नदीचें पाणी वळवून खोऱ्याच्या पूर्व कडेनें एक पाट काढण्यांत आला. त्याचें बांधकाम १९१३ सालचें. पाट उंचावर आणि शेतें उतारावर, त्यामुळें पाणी एका खाचरांतून दुसऱ्या खाचरांत आपोआप उतरत जाई. जिराईत जमिनींत भात डोलूं लागला आणि पाटाच्या आश्रयानें कैली लोकांचीं गांवें वाढलीं. या भातशेतीचा मोठा भाग आज सिगी जिल्ह्यांत मोडतो. हा जिल्हा २००८ सालीं डोंगाला जिल्ह्यांतून वेगळा करण्यांत आला.

परंतु ज्या डोंगरांनीं पाऊस अडविला, त्यांच्याच पायथ्याशीं दुसरें संकट दबा धरून होतें. खोऱ्याच्या लांबीनें पालू-कोरो नांवाचा भ्रंश जातो. त्याच्या दोन बाजूंचे भूभाग दरसाल सुमारें ४ सेंटिमीटर वेगानें परस्परविरुद्ध दिशांना सरकूं पाहतात. १९२७ व १९६८ सालीं या प्रदेशानें भूकंप आणि समुद्राच्या प्रलयंकारी लाटा दोन्ही अनुभविल्या. कैली भाषेंत ‘नालोडो’ असा एक शब्द आहे. चिखलांत ओढलें जाऊन गडप होणें, हा त्याचा अर्थ. आपत्तीला भाषेंत नांव असावें, ही ती पूर्वींहि ओढवल्याची खूण मानावी लागते.

२८ सप्टेंबर २०१८ रोजीं सायंकाळीं सहाच्या सुमारास ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्राच्या लाटांनीं पालू शहराचा किनारा झोडपला, तें साऱ्या जगानें पाहिलें. परंतु लाटा जेथें पोंचल्याच नाहींत, त्या पेटोबो, जोनो ओगे आणि सिबालाया येथें भूमीच वाहूं लागली. उतार अवघा एक-दोन अंशांचा. तरीहि घरें आणि झाडें शेंकडों मीटर दूर वाहत गेलीं. या एकंदर आपत्तींत ४ हजारांहून अधिक माणसें मृत वा बेपत्ता झालीं. कित्येकांचे देह चिखलांतून कधींच हातीं आले नाहींत.

शास्त्रज्ञांनीं पाहणी केली तेव्हां एक गोष्ट ठळकपणें दिसून आली. या ठिकाणीं घसरलेली जमीन पाटाच्या खालची होती; वरची कोरवाहू जमीन बहुतांशीं जागच्या जागीं राहिली होती. खोऱ्याची माती म्हणजे डोंगरांतून वाहून आलेली भुसभुशीत वाळू आणि गाळ. शतकभर पाटांतून व खाचरांतून झिरपलेल्या पाण्यानें तिच्यांतील जलपातळी वर आणून ठेवली होती. धक्क्यासरशीं पाण्याचा दाब वाढला, वाळूच्या कणांची एकमेकांवरील पकड सुटली आणि घट्ट वाटणारी जमीन पातळ झाली. पाट हेंच एकमेव कारण नव्हे. खोऱ्याच्या पश्चिमेस बलारोआ येथें असा पाट नसतांहि भूमि घसरली.

भूकंपानें पाट फुटला आणि हजारों हेक्टर शेती तहानेली राहिली. पुष्कळ शेतकरी मक्याकडे वळले. पाटाची दुरुस्ती पुढें टप्प्याटप्प्यानें हातीं घेण्यांत आली. पाणी सोडावें तर जमीन पुन्हां भिजते. न सोडावें तर गांवें उपाशी राहतात. म्हणून पाटास पक्कें अस्तर, मुरलेल्या पाण्यास निचरा आणि धोक्याच्या पट्ट्यांतून घरें हलविणें, या तीन गोष्टी एकत्र साधाव्या लागतील. १९१३ सालीं पाणी शेतांपर्यंत आणणें हा प्रश्न होता. तें जमिनींत किती मुरूं द्यावें, हा प्रश्न आतां त्याहून अवघड झाला आहे.