चमकणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते

अकराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-हैथम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्याचा एक पूर्ण भाग दृष्टीच्या चुकांवर आहे. काही चुका डोळ्याच्या असतात, तर काही पाहिलेल्यावरून काढलेल्या निष्कर्षाच्या, असे ते सांगतात. पेट स्कॅनचा इतिहास वाचताना हा दुसरा प्रकार वारंवार आठवतो.

कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारख्या वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले. ऑगस्ट १९७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, तयार झाली आणि विमानाने फिलाडेल्फियाला पोचली. दर ११० मिनिटांनी तिचा किरणोत्सार निम्मा होतो, म्हणून ही धावपळ. तेथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. अब्बास अलवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रथमच माणसाला टोचून चित्रे घेतली. डॉ. अलवी इराणमधल्या तब्रीझचे. तेव्हा शोध मेंदूचा होता. कॅन्सरसाठी वापर नंतर वाढला.

पण साखर फक्त कॅन्सर खात नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही खातात. त्यामुळे क्षयरोगाच्या किंवा सार्कॉइडोसिसच्या गाठी पडद्यावर कॅन्सरसारख्याच चमकतात. क्षयरोग घरोघरी माहीत असलेल्या आपल्या देशात ही गोष्ट किरकोळ नाही.

आणखी एक कोडे होते. काही रुग्णांच्या मानेत आणि खांद्यांत चमक दिसे. डॉक्टर ती स्नायूंच्या ताणामुळे असावी असे समजत. १९९८ मध्ये पिट्सबर्गला डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांचे पेट व सीटी एकत्र असलेले पहिले यंत्र चालू झाले. अशा यंत्रांत चमक नेमकी कुठे आहे ते कळू लागले, आणि ती चरबीत निघाली! थंडीत शरीराला ऊब देणारी ही तपकिरी चरबी. तेव्हापासून रुग्णाला आधी उबदार खोलीत ठेवण्याची, पांघरूण देण्याची काळजी घेतली जाते. चार ते सहा तास उपाशी राहणे, रक्तातली साखर तपासणे, आदल्या दिवशी जड व्यायाम टाळणे, हे नियमही पाळले जातात.

२०२१ मध्ये कोविडच्या लसीने हाच धडा पुन्हा दिला. लस घेतलेल्या हाताच्या काखेतल्या गाठी सुजून स्कॅनमध्ये चमकू लागल्या. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत हे घातक ठरू शकले असते. म्हणून लस कोणत्या हातात, केव्हा घेतली हे विचारले जाऊ लागले, आणि शक्यतो दुसऱ्या बाजूच्या हातात लस घेण्याचा सल्ला दिला गेला.

एका खोट्या ठिपक्यामुळे बरा होऊ शकणारा रुग्ण चौथ्या टप्प्यात ढकलला जातो आणि त्याचे ऑपरेशन रद्द होते. म्हणून उपचाराची दिशाच बदलणारा एखादा ठिपका दिसला, तर शक्य तिथे सुईने तुकडा काढून तपासावा. जुना क्षयरोग, मधुमेह, नुकतीच घेतलेली लस यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. यंत्र साखर कुठे गेली एवढेच सांगते. ती कोणी खाल्ली, हे माणसालाच शोधावे लागते.