वकिलीकडून विधिमंडळाकडे : शंकरराव चव्हाण आणि जालन्याचे पाणी

गोदावरी जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा आखीत वाहते. परंतु नदी खोल आणि रान उंच, त्यामुळे काठापासून दूरच्या शेतकऱ्यास तिचा उपयोग स्नानापुरताच होता. ही अडचण दूर करण्याचा ध्यास ज्यांनी घेतला ते ना स्थापत्यविशारद होते, ना पाटकरी. ते कायद्याचे पदवीधर होते.

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठण येथे झाला. मद्रास विद्यापीठाची बी. ए. आणि उस्मानिया विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी मिळविली. परंतु निजामी राज्यात कायदा असला तरी तो प्रजेने केलेला नव्हता. अशा कायद्याचा कीस काढण्यात तरुणाचे मन रमावे कसे? स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामात ते उतरले आणि वकिलीची वाट मागे पडली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपुष्टात आली.

१९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व चव्हाण महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९६० नंतर पाटबंधारे खाते दीर्घकाळ त्यांच्याकडे होते. शिस्तीच्या करडेपणामुळे लोक त्यांस 'हेडमास्तर' म्हणत. त्या नावात कौतुक किती व धास्ती किती, हे सांगणे कठीण. धरणाच्या कामी मात्र हा गुण उपयोगी पडला.

जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातील एका गावाचे. धरणाची पहिली कल्पना त्या गावाशी निगडित होती. पुढे जागा वरच्या अंगास पैठणला ठरली. नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी पायाभरणी केली. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा हा बांध प्रामुख्याने मातीचा असून त्यास सत्तावीस दरवाजे आहेत. येथील भूमी सपाट असल्यामुळे पाणी खोल न साठता पसरते. जलाशयाने सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर भूमी व्यापिली, आणि उन्हाळ्यात पुष्कळसे पाणी वाफ होऊन जाते. शंभराहून अधिक गावांस या जलाशयाची झळ लागली. काळीभोर जमीन व पिढीजात घरे सोडून गेलेल्या त्या कुटुंबांचे देणे या योजनेच्या जमाखर्चात मांडलेच पाहिजे. ज्या पैठणात चव्हाण जन्मले, त्याच परिसरावर हा आघात झाला.

२४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले, तेव्हा चव्हाण मुख्यमंत्री होते. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या भागांतून पुढे परभणीकडे जातो. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो नंतर, १ मे १९८१ रोजी. ज्वारी-बाजरीवर व आभाळावर विसंबणाऱ्या या भागात कालव्याच्या आधाराने ऊस उभा राहिला. ऊस हे तहानलेले पीक. तेव्हा टोकाच्या शेतास पाणी पोहोचेल की नाही, हा तंटाही त्याबरोबरच आला.

१९९१ ते १९९६ या काळात चव्हाण केंद्रीय गृहमंत्री होते. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी, २००५ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. नदीच्या वरच्या व खालच्या भागांत पाण्याची समन्यायी वाटणी व्हावी, हे तत्त्व त्यात आले. त्याच आधारे नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने खालच्या भागाचा हक्क मान्य केला.